जेवणाच्या सुट्टीनंतर हँग होणारा लॅपटॉप

आधीच सांगते, या कट्ट्यावरचे किस्से वाचून मी आजवर फक्त भांडलेय. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या मामाला घाटात म्हातारा लिफ्ट मागतो... आणि खाली माझी कमेंट असायची – झोप पूर्ण करा, डोळे तपासून घ्या. देवाला हात जोडते तेही आईच्या धाकाने. आज माझ्यावरच असं काही लिहायची वेळ आलीय आणि त्याचाही मला राग येतोय. हसायचं तर हसा.

मी मूळची उमरखेडची. यवतमाळला खोली करून राहते आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगमध्ये काम करते. नाव सांगणार नाही. यार्डातला कापूस एका लांब पट्ट्यावर पडतो, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया बसून त्यातला कचरा आणि खराब कापूस वेचतात, पुढे मशिनी सरकी वेगळी करतात. मी वरच्या केबिनमध्ये. लाइन सुरू करायच्या आधी कोणता कापूस लागणार याची नोंद मी लॅपटॉपवर करायची. ती झाली की खाली पॅनलवर हिरवा दिवा लागतो आणि ऑपरेटर प्रल्हादभाऊ बटण दाबतात. सकाळी एकदा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा.

या हंगामात तो लॅपटॉप हँग व्हायला लागला. सकाळी कधीच नाही. जेवणानंतर मात्र नोंद भरायची, ‘सेव्ह’ दाबायचं... की संपलं! कर्सर हलत नाही, कीबोर्ड मेलेला. बराच वेळ तसाच राहायचा आणि मग आपोआप सुटायचा. बरं, रोज नाही. एक दिवस नीट, दोन दिवस हँग, असं.

मी काय काय नाही केलं! अँटीव्हायरस काढला, अपडेट टाकले, विंडोज नव्याने भरलं. रॅम बदलली. वाटलं रुईचे तंतू पंख्यात गेले असतील, म्हणून मागचं झाकण उघडून ब्लोअर मारला. तंतू निघालेही मूठभर, पण हँग व्हायचं थांबलं नाही. दत्त चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे दिला तर त्याच्याकडे दिवसभर लोण्यासारखा चालला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच येडी आहे. कंपनीचा आयटीवाला नागपुरात बसतो. त्याचं एकच – “मॅडम, रीस्टार्ट करके देखो.” शेवटी मी त्याला सांगितलं, आता तुलाच रीस्टार्ट करते, ये इकडे.

इकडे लाइन थांबली की खापर माझ्यावर. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, “तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दुसरं माणूस बघू.” ही नोकरी मी घरच्यांशी महिनाभर अबोला धरून मिळवलेली. लग्नाची स्थळं बाजूला सारून. एका डबड्यापायी ती जायला निघाली होती, तेव्हा माझ्या डोक्याची काय अवस्था असेल बघा.

तर तो दिवस. सुट्टी संपली, नोंद भरली, सेव्ह – हँग. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आणि साहेबांचा फोन वाजतोय. मी पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद होईना. चार्जर उपटला. मॉडेल जुनं, बॅटरी खालून निघते, ती काढून टेबलावर आपटली.

स्क्रीन चालूच.

तीच नोंद, तोच कर्सर, तोच उजेड. चार्जर खाली लोंबतोय, बॅटरी बाजूला पडलीय आणि स्क्रीन चालू! तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही हो, मला प्रचंड राग आला. इतका की मी त्याच्यावर हात उगारला, तेवढ्यात उशीर का होतोय बघायला प्रल्हादभाऊ वर आले.

“मॅडम, हे तं चालूच हाय!” ते दारातच थांबले. “बॅटरी तं बाहेर दिसून राह्यली...”

“मले काय विचारता, त्यालेच विचारा!” राग आला की माझी पुस्तकी मराठी राहत नाही. “बायपासची किल्ली लावा अन् करा सुरू. साहेबांना मी बघते.”

पॅनलला किल्ली लावून नोंदीशिवाय लाइन सुरू करता येते. नियमात बसत नाही, म्हणून म्हटलं मी स्वतः हजर राहते. त्यांच्यासोबत खाली उतरले. त्यांनी किल्ली फिरवली, हिरवा दिवा लागला, बोट बटणावर गेलं. आणि मला बाळ कण्हल्याचा आवाज आला. अगदी बारीक. झोपेत करतात ना, तसा.

“थांबाऽऽ!” मी ओरडले.

वाकून बघितलं. पट्ट्याच्या टोकाला, खालच्या अंगाला जो शाफ्ट फिरतो, त्याला हिरव्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत सहा-सात महिन्यांची पोर, मूठ तोंडात घालून झोपलेली. लाइन सुरू झाली असती तर लुगडं शाफ्टवर गुंडाळलं गेलं असतं. पुढचं मी लिहीत नाही.

पोरीची आई, ललिता, हात धुऊन येतच होती. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून हंगामापुरती आलेली, कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये नवी. मी तिच्यावर तुटून पडले. “अवं, शाफ्टले बांधते काय पोरीले? अक्कल हाय का तुले?”

तिने आधी पोरीला सोडवून उराशी धरलं, मग तीही बोलली. “उन्हात ठेवू का मॅडम? गंजीवर ठेवलं तं कापूस नाकात जाते छोरीच्या. इथं खाली हवा लागते, म्हणून निजवतो. भोंगा वाजला असता तं सोडून घेतली असती. वाजतेच कुठं तो?”

लाइन सुरू व्हायच्या आधी वाजणारा भोंगा जळून बरेच दिवस झाले होते. कुणी दुरुस्त केला नव्हता. “अन् दुपारची लाइन तं उशिराच सुरू होते ना?” ती म्हणाली. “मी आली तवापासून तसंच पाहून राह्यली. जे दिवशी पोरगी खोलीवर सासूजवळ राह्यते, ते दिवशीच लवकर होते.”

मी प्रल्हादभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पॅनलची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

पट्ट्याजवळच एक खोली आहे, तिच्यावर ‘पाळणाघर’ अशी पाटी आहे. कायम कुलूप. मी पहार घेऊन ते कुलूप तोडलं. आत जुने बेअरिंग, मोडक्या खुर्च्या आणि ग्रीसचे डबे. एकही पाळणा नाही. साहेब धावत आले ते विचारत, “लॅपटॉपचं काय झालं? लाइन का बंद?” मी त्यांच्या हातात एक बेअरिंग दिलं आणि म्हटलं, हे आधी बाहेर नेऊन ठेवा. नोकरी गेली समजून बोलले होते. गेली नाही, का ते मलाही कळलं नाही. खोली संध्याकाळपर्यंत रिकामी झाली.

वर आले तर स्क्रीन काळी. बॅटरी घातली, सुरू केला, सरळ चालला. तेव्हापासून एकदाही अडकलेला नाही. आयटीवाला म्हणतो, मैंने बोला था ना, रीस्टार्ट से ठीक हो गया. बॅटरी काढल्यावरही करंट क्षणभर राहतो, असंही म्हणतो. क्षणभर राहत असेल. पण मी खाली उतरेपर्यंत? प्रल्हादभाऊ वर आले, बोलले, तोवर? दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉपसमोर उदबत्ती लावली, तर मी म्हटलं, भाऊ, ती साहेबांसमोर लावा, निदान भोंगा तरी दुरुस्त होईल.

कुणी म्हणेल, काहीतरी चांगलं होतं ते, पोर वाचवली. वाचवली हो. पण त्याच्याचमुळे ललिताला वाटत राहिलं ना की लाइन उशिरा सुरू होते? मग नेमकं काय होतं ते – वाचवणारं की फसवणारं? विचार केला की पुन्हा डोकं तापतं.

हंगाम संपला तशी ललिता निघाली. पुढच्या वर्षी घराजवळच्या दुसऱ्या जिनिंगवर जाणार म्हणाली. मी विचारलं, तिथे पोरीला ठेवायला जागा आहे का? ती हसली. “बांधीन ना कुठंतरी, मॅडम.”

तिथला लॅपटॉप कसा आहे, मला माहीत नाही.