आखाजीच्या शिव्या

धुळ्याला एसटी बदलली तशी माझी लेक खिडकीला नाक लावून बसली. माझं माहेर शिंदखेड्याच्या पुढचं खेडं, आणि दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. "झोका बांधला असेल? गौराई सजवली असेल?" तिच्या सरबत्तीने कंडक्टरही हसायला लागला. खरं सांगायचं तर मलाच तिच्यापेक्षा जास्त घाई झाली होती. दोन वर्षं जळगावचं पिंप्राळ्यातलं घर आणि मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना, एवढंच आमचं जग होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच मेंदूवर उलटली. सुरुवात शिव्यांनी झाली. एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी पोर झोपेनाशी झाली, भिंतीकडे बघून शिव्या द्यायला लागली, हात वेडेवाकडे फिरवायला लागली. नातेवाइकांनी 'बाहेरचं' ठरवून टाकलं होतं. आम्ही दवाखाना गाठला हे नशीब. ती बरी झाली, शाळेत जायला लागली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं: बऱ्याच मुलांना हे पुन्हा होत नाही, काहींना होतं, वागणं, बोलणं, झोप यांत बदल दिसला तर वाट बघत बसू नका. तेव्हापासून मी आई कमी आणि पोलीस जास्त. या आजाराबद्दल तिच्यासमोर मात्र घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

माहेरी काय मजा! कडुलिंबाला झोका, वाटीवाटीने आमरस, सांजोऱ्यांचा डबा. लेक झोक्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. तिचं हसणं ऐकून मला भरून येत होतं.

गौराई बोळवायच्या दिवशी पोरी वाजतगाजत नाल्याकडे गेल्या. मी मागचं आवरून निघाले. नाल्याच्या वळणावर पोचले आणि जागीच थिजले. माझी लेक काठावर उभी, चेहरा लालबुंद, दोन्ही हात हवेत गरागरा फिरवत शिव्या देत होती. धावत जाऊन मी तिचं मनगट पकडलं. "चल, जळगावला निघायचं. आत्ताच्या आत्ता!"

माझी आई कपाळावर हात मारत आली. "अवं, आज गौराई बोळावतंस! बठ्ठ्या पोरी गाया दी राहिन्यात, तुन्हीच काय न्यारी शे?"

समोरच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी त्यांची गौराई घेऊन उभ्या होत्या, आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. या दिवशी दोन गावांच्या पोरींनी नाल्यावरून एकमेकींना शिव्या द्यायच्या, ही आमच्याकडची रीतच. मी स्वतः याच काठावर घसा बसेपर्यंत ओरडलेली बाई, आणि मलाच त्याचा विसर पडला! माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती भिंत होती.

तरी हात सुटेना. मी तिला निरखत राहिले. तेवढ्यात पलीकडून एक झणझणीत शिवी आली. लेकीने ती नीट ऐकून घेतली, क्षणभर विचार केला आणि ठेवून दिली:

"तुमना गावमा नही पानी, तुमनी गौराई कानी!"

आमचा काठ हसून लोळायचा बाकी राहिला. तीही हसत होती. भिंतीला शिव्या देताना ती कधी हसली नव्हती, कुणाच्या उत्तरासाठी थांबली नव्हती. मला इतका आनंद झाला की मीही मोठ्याने हसले, आणि डोळ्यांतून पाणीही आलं.

ते बघून ती गंभीर झाली. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मम्मी, ते परत आलं ना, तर मी सगळ्यात आधी तुला सांगेन. आता हात सोड ना, आपण हरतोय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. आणि ते परत आलंच, तर सांगायचं भान तिला नसेल, हे मला माहीत होतं.

मी हात सोडला.