इमामपूरच्या घाटातली खडखड

माझ्या नवऱ्याला नगरमध्ये कानाचा मिस्त्री म्हणत. गाडी दारात उभी राहायच्या आत ते आतूनच सांगत, तिसरा प्लग मेलाय. लष्करी वर्कशॉपात शिकून त्यांनी स्टेशन रोडला स्वतःचं गॅरेज काढलं होतं आणि मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. वीस वर्षं तिथे बसून इंजिनाचे आवाज मलाही कळायला लागले होते. त्यात कौतुक काही नाही. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला तव्याचा आवाज कळतोच.

दुष्काळाच्या साली एका डॉक्टरबाईंची गाडी आमच्याकडे आली. भावाने परदेशातून आणलेली, बरीच जुनी जर्मन गाडी. बाई तिच्यातून नेवासे-पाथर्डीकडच्या दुष्काळी कामांवर जात, खडी फोडणाऱ्या बायकांना तपासत. या गाडीला कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोलचा फवारा पंपाने थेट इंजिनात जायचा. गावातल्या निम्म्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून कार्ब्युरेटर शोधला आणि बॉनेट परत लावलं. आमच्या ह्यांनी मात्र गाडी घेतली.

ठिणगी कधी पडायची, म्हणजे टायमिंग, हे मात्र या गाडीतही बाकीच्या गाड्यांसारखंच लावायचं होतं. पुलीवरची खूण जुळवायची, पॉइंटला छोटा बल्ब जोडायचा, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा आणि बल्ब पेटला की आवळायचा. पण ही खूण परदेशातल्या पेट्रोलसाठी. आपल्या हलक्या पेट्रोलवर ठिणगी जरा उशिरा पडावी लागते. किती उशिरा, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. त्यासाठी गाडी घाटात न्यायची, वरच्या गिअरमध्ये चढावर दामटायची आणि ऐकायचं. ठिणगी लवकर पडत असेल तर इंजिनाच्या पोटात बारीक खडखड होते, पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवावी तशी. ती जाईपर्यंत डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घ्यायचा. ह्यांचं नाव झालं होतं ते या कामावर.

गाडी घाटात फिरवून आणून त्यांनी डॉक्टरबाईंना दिली. पंधरा दिवसांनी ती बैलगाडीमागे बांधून परत आली. एका पिस्टनला भोक पडलं होतं. खडखडणारं इंजिन तसंच पळवत राहिलं की असं होतं. ह्यांनी पिस्टन हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, पंपाचा दोष आहे, फवारा कमी पडतोय. सगळ्यांना ते पटलं, कारण तो पंप कुणालाच कळत नव्हता. मलाही पटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की नवा पिस्टन घाला, आणि पुन्हा असं झालं तर मी गाडी काढून टाकते. म्हणजे त्या पुन्हा एसटीने हिंडणार. तीही सगळ्या कामांवर जात नव्हती.

पिस्टन मुंबईहून यायला दीड महिना लागला. तेवढ्यात मी सीटची नवी कव्हरं शिवली. त्या वर्षी घरात माझी एकच तक्रार होती, की हा माणूस माझं ऐकत नाही. रॉकेल आणा म्हटलं तरी हलायचे नाहीत. दुधाला लक्ष ठेवा म्हटलं तर दूध उतू जायचं आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. मी आवाज चढवायची, ते गप्प राहायचे. समोरचा चहावाला मला एकदा म्हणाला, “वहिनी, मिस्त्रींना इंजिनाचं ऐकू येतं. बायकोचं कुनाला येतंय?” मी त्याच्यावरही चिडले होते.

इंजिन जोडून झालं आणि ते गाडी घाटात न्यायला निघाले, तेव्हा मीही बसले. माणूस बसल्यावर माझी शिवण ताणते का, एवढंच मला पाहायचं होतं. इमामपूरचा घाट उतरून आम्ही घोडेगावापर्यंत गेलो आणि तिथून वळलो. परतीच्या चढाला लागल्यावर त्यांनी गिअर वरचाच ठेवला आणि पेट्रोल दाबलं. मी मागच्या सीटवर वाकून शिवणीवर बोट फिरवत होते.

आणि ती खडखड सुरू झाली. शंकेला जागाच नव्हती. डब्यातली ज्वारी, पार वळणापर्यंत.

मी वर पाहिलं. आता ते पाय काढतील, गाडी बाजूला घेतील, असं मला वाटलं. त्यांनी पाय काढला नाही. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, अगदी समाधानाचा. म्हणाले, “बघ, कशी गुमान चालतीय.”

आयुष्यात मी मयती पाहिल्या आहेत, गॅरेजला लागलेली आग पाहिली आहे. पण त्या वाक्याइतकी कशानेच हादरले नाही. आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अहो, थांबवा.” त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. ते रस्त्याकडे बघत राहिले आणि इंजिन खडखडत राहिलं. शेवटी मी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात मारला, तेव्हा गाडी थांबली.

“काय झालं? शिवण उसवली?” त्यांनी विचारलं.

मी दार उघडून पुढे त्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून विचारलं, “इंजिन खडखडत होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही?”

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग एकेक सांगायला लागले. वर्ष झालं होतं. जाड आवाज येत होते, पुरुषांची बोलणी येत होती. बारीक आवाज गेले होते. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, माझा आवाज. गॅरेजमध्ये ते पान्ह्याचं एक टोक इंजिनाला लावून दुसरं दातात धरायचे. उभ्या इंजिनाचं तेवढ्याने कळायचं. चालत्या गाडीत ते जमत नव्हतं. डॉक्टरबाईंची गाडी मागच्या वेळीही त्यांनी याच घाटातून आणली होती आणि चढभर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून टायमिंग बरोबर आहे असं धरलं होतं. पुस्तकातल्या खुणेवरून केसभरही मागे घेतलं नव्हतं. या खेपेला नुसत्या अंदाजाने थोडं मागे घेतलं होतं.

“मग पंप?” मी विचारलं.

“पंपाला काय धाड भरलीय,” ते म्हणाले.

मी म्हणाले, वर्षभर मी तुमच्याशी भांडतेय, हा माणूस माझं ऐकत नाही म्हणून सगळ्या आळीला सांगितलंय, तेव्हा तरी बोलायचं होतं. त्यावर ते जे म्हणाले त्याने मी दुसऱ्यांदा हादरले.

“तुला वाटत हुतं आपला नवरा वाईट हाय. वाटू दे म्हनलं. बहिरा मिस्त्री झाल्यापरीस ते बरं.”

मला रडूबिडू आलं नाही. राग आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. मी खाली उतरून बॉनेटपाशी उभी राहिले. म्हटलं, पान्हा घ्या.

त्यांनी डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर मागे फिरवला आणि आवळला. आम्ही खाली जाऊन पुन्हा चढलो. मी पुढच्या सीटवर बसून एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला होता. खडखड आली की बोटाने ठोकायचं, गेली की हात उचलायचा, असं ठरवलं होतं. दुसऱ्या चढाला मी निम्म्या रस्त्यापर्यंत ठोकत होते. पुन्हा मागे घेतला. तिसऱ्या चढाला फक्त वळणावर दोनदा. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. आम्ही चौथ्यांदा खाली निघालो तेव्हा त्यांतली एक म्हणाली, “बाई, रस्ता मोजताय व्हय? आमचीबी खडी मोजा की जाता जाता.” बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. चौथ्या चढाला माथ्यापर्यंत माझा हात वरच होता.

येताना मी ठरवलं की डॉक्टरबाईंना खरं सांगायचं. ह्यांनाही तसं सांगितलं, त्यांच्याकडे वळून, सावकाश. नाहीतर त्या उद्या कुणाच्या तरी सांगण्यावरून चांगला पंप मुंबईला पाठवतील आणि दोन महिने गाडी उभी राहील. गावात ही गोष्ट फुटली तर गॅरेजला कुलूप लागेल, हे मला कळत होतं. त्यांना तर वर्षभर कळत होतं.

डॉक्टरबाई दवाखान्याच्या ओट्यावरच उभ्या होत्या. मी म्हणाले, पंप चांगला आहे, मागचा पिस्टन टायमिंगमुळे गेला, चूक आमची. त्यांनी चष्मा काढून विचारलं, मग ती आज कशी सापडली?

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात हे पुढे झाले.

“मला ऐकू येत नाही, बाई. हिला आलं.”

वीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकासमोर इतकं अवघड वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी त्यांना आत नेऊन दोन्ही कान तपासले आणि म्हणाल्या की गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा, उद्यापासून गॅरेजात कानात कापूस घाला. गाडीची किल्ली उचलता उचलता मला म्हणाल्या, “पुढच्या खेपेला दोघंही जा घाटात.”

घरी येऊन मी चहा टाकला. हे खाटेवर पाठमोरे बसून बुटाची नाडी सोडत होते. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, साखर किती घालू. उत्तर आलं नाही. एरवी अशा वेळी मी भांडं आपटलं असतं. त्या दिवशी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तेच पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, “दोन.”