साडेचार तास मिळवा

त्या रुग्णालयात भिंतीभिंतीवर घड्याळं होती, तरी नोंदीत किती वाजले ते एकाच माणसाला विचारावं लागे. कारण संगणकावर दिसे ती वेळ खरी नव्हती, आणि तिच्यात किती तास मिळवले की खरी होते, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. सगळे त्याला टाइमसाहेब म्हणत. निम्मे आदराने, निम्मे दातओठ खात.

झालं होतं ते असं. रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी ज्यात राहतात तो मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, एका परदेशी कंपनीने बसवला आणि जाताना त्याला स्वतःच्या देशाची वेळ लावून गेली. ती बदलायची तर सेटिंगमध्ये जाऊन आपलं शहर निवडायचं, बस. टाइमसाहेबांना हे नोकरीला लागल्या लागल्याच कळलं होतं. पण त्याच सुमारास हेही कळलं की वेळ चुकीची असली की लोक आपल्या खोलीत येतात, समोरच्या खुर्चीवर टेकतात आणि हळू आवाजात विचारतात, "साहेब, किती मिळवायचे?" त्याआधी उभ्या आयुष्यात त्यांना कोणी हळू आवाजात काही विचारलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही.

तेव्हा सेटिंग तसंच राहिलं. कोणी विषय काढलाच तर टाइमसाहेब चष्मा काढून काच पुसत आणि म्हणत, "बदलता येतं हो. पण उद्या सगळं बंद पडलं तर जबाबदारी तुम्ही घेणार का?" जबाबदारी हा शब्द कानावर पडला की भलेभले सर्जन काढता पाय घेत. पोट फाडताना ज्यांचा हात थरथरत नाही, अशी माणसं ही.

त्यात त्या परदेशात उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवायची आणि थंडीत मागे आणायची पद्धत. म्हणजे वर्षातून दोनदा टाइमसाहेबांचं राज्य. त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि प्रत्येक मजल्यावर स्वतःच्या हाताने नोटीस चिकटवत: 'उद्यापासून साडेतीन नव्हे, साडेचार तास मिळवावेत.' खाली सही अशी लफ्फेदार, की नोटिशीपेक्षा तिलाच जास्त जागा लागे.

सगळ्यांत जास्त मिळवलं ते जन्मनोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी. बाळ झालं की स्क्रीनवरची वेळ वाचायची, साडेचार मिळवायचे, गरज पडली तर तारीख पुढची धरायची आणि दाखला करायचा. हात इतका बसला होता की भाजीवाल्याने वेळ सांगितली तरी हिची बेरीज सुरू होते, असं त्यांचा नवरा म्हणे.

आणि मग टाइमसाहेबांची लेक बाळंतपणासाठी तिथेच दाखल झाली. नात झाली रात्री नऊला. सकाळी आजोबांनी मोठ्या हौसेने नोंद उघडली, तर तिथे साडेचार. अशी शेकडो पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत भलत्याच वेळी जन्मली होती आणि त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण काल साडेचार वाजता लेक त्यांच्याशी फोनवर भांडत होती, भलतीच बॅग आणली म्हणून. तो फोन त्यांना आठवला आणि पहिल्यांदाच ते यंत्र खोटं बोलतंय असं वाटलं. त्यात बाईंची बेरीज नेमकी आजच चुकली तर? आपल्या नातीची वेळ कशी अगदी चोख हवी.

त्यांनी दार लावून घेतलं, सेटिंग उघडलं, आपलं शहर निवडलं. काहीही बंद पडलं नाही. जुन्या नोंदीसुद्धा आपल्या वेळेत दिसू लागल्या. नातीच्या नावापुढे नऊ आले.

हे त्यांनी कोणाला सांगितलं का? छे. सांगायचं म्हणजे किती सोपं होतं तेही सांगावं लागलं असतं.

दुपारी लेकीच्या हातात दाखला पडला. जन्म मध्यरात्रीनंतर दीड वाजता, तारीख दुसऱ्या दिवसाची.

"बाबा, ही रात्री नऊला झाली. मी तिथेच होते," लेक म्हणाली. "आता जन्मभर हिचा वाढदिवस चुकीचा का? जा, बदलून आणा."

टाइमसाहेब खिडकीशी गेले. बाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "स्क्रीनवर नऊ, त्यात साडेचार, झाला दीड. नोटीस तुमचीच आहे, साहेब." मागच्या भिंतीवर ती होतीही. त्यांनी क्षणभर विचार केला की खापर बाईंवर फोडावं. पण एवढ्या मोठ्या सहीसमोर ते जमेना.

"सकाळी मी सेटिंग बदललं," ते पुटपुटले. "आता काही मिळवायचं नाही."

"किती वेळ लागला बदलायला?"

त्यांनी चष्मा काढला. काच स्वच्छच होती. "मिनिटभर."

बाईंनी हातातला दाखला खाली ठेवला. "मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

बाईंनी सकाळपासूनचे दाखले काढले. आणखी तीन बाळांच्या वेळेत त्यांनी साडेचार तास मिळवून ठेवले होते. चारही दाखले त्यांनी नव्याने छापले आणि टाइमसाहेबांच्या हातात दिले. "चला, वाटून येऊ. घरचा शेवटी."

बाळंतिणींच्या लांबलचक खोलीत पहिल्याच खाटेजवळ एक आजी बसल्या होत्या. नवा दाखला डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "मग आधीची चूक कोणाची?"

बाई बाजूला सरकल्या.

"माझी," टाइमसाहेब हळूच म्हणाले.

"जरा मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. "आजींना कमी ऐकू येतं."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. पुढच्या दोन खाटांपाशीही सांगितलं. आवाज एव्हाना बरा लागला होता. शेवटी ते खिडकीजवळच्या खाटेशी येऊन दाखला पुढे करून उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"ऐकू आलं, बाबा," लेक म्हणाली आणि तिने दाखला घेऊन आधी तारीख तपासली.