आक्काच्या तोंडावर आलेल्या देवी

माझी थोरली जाऊ आशाबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. लग्न होऊन पुसेगावात आल्यापासून ही बाई स्वस्थ बसलेली मी पाहिलेली नाही. लग्नाच्या पंगतीत तिला बसवा, दुसऱ्या घासाला उठून ती वरणाची बादली हातात घेते. टीव्हीपुढे बसली तर मांडीवर सोलायला लसूण हवा. साखऱ्याला, तिच्या माहेरी, सांगतात की ती पाळण्यातसुद्धा टिकायची नाही. अशा बाईला ऐन हळद शिजवायच्या दिवसांत एका खोलीत बसवून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि तेही खोटं बोलून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खरं बोलावं, हे पोरांना सांगायचा पगार घेते.

सुरुवात झाली हिंगोलीतल्या एका साड्यांच्या दुकानात. आक्का आणि तिचे मालक विश्वंभर, म्हणजे आमचे दादा, पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला गेले होते. दादा आक्कापेक्षा चार वर्षांनी मोठे. पण ते बी-बियाण्याच्या दुकानात पंख्याखाली बसतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि शनिवारी न चुकता कलप लावतात. आक्काचं सगळं आयुष्य उन्हात आणि हळद शिजवायच्या भट्टीपुढे गेलं. डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला, गळ्यावर, जिथं बघावं तिथं सुरकुत्या. दुकानातल्या पोरीनं दादांना विचारलं, तुमच्या आईंना कोणत्या रंगात दाखवू. दादा चहा पीत होते. कपातून तोंड न काढता ते "व्हय, दाखवा" म्हणाले. मग पोरीनं राखाडी आणि मातकट साड्यांचा ढीग काढला. आक्का उठली आणि एकही साडी न घेता सरळ एसटी स्टँडवर येऊन उभी राहिली. दादांना वाटलं, नक्षी पसंत पडली नसेल.

घरी तिनं मला एकटीलाच सांगितलं, आणि मग सांगतच राहिली. भाकरी थापताना, गोवऱ्या रचताना, म्हशीचं दूध काढताना तोच प्रश्न.

"ती पोरगी परकी. तिला काय ठाव? पण ह्यांनी व्हय काहून म्हणावं, मंजू?"

मी म्हटलं, दादांनाच विचार. ती म्हणाली, विचारलं आणि त्यांना आठवतच नसलं तर? माझा राग दादांवर होता आणि आहे. पुरुषाचं लक्ष नव्हतं म्हटलं की सगळं माफ होतं, बाईचं लक्ष नसलं तर भाकरी करपते.

आक्काची लेक साधना नांदेडला कातडीच्या दवाखान्यात नोकरीला आहे. ती संक्रांतीला आली तेव्हा तिच्या फोनमध्ये बायकांचे जोडफोटो होते, एक लेसरच्या आधीचा आणि एक नंतरचा. ते यंत्र म्हणे कातडीचा वरचा थर बारीक बारीक ठिपक्यांनी जाळतं, खालून नवीन ताजी कातडी येते आणि चेहरा ओढून बसवल्यासारखा घट्ट होतो. आक्कानं त्या फोटोंवर बोट फिरवून फिरवून फोनची काच चिकट केली. त्यानंतर तिची झोप गेली. साधनानं तिला पुष्कळ थोपवलं, शेवटी कंटाळून वेळ घेतली. घरी आम्ही सांगितलं की साधनाला बरं नाही, भेटून येतो.

डॉक्टरीणबाई सरळ होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आपल्या रंगाच्या कातडीवर लेसरनंतर ऊन पडलं तर काळे डाग उठतात, तेव्हा आता चैत्रात नको, शेतीची कामं उरकून दिवाळीनंतर या. आक्का म्हणाली, मी कुठं बाहेर जाते, मी घरातच असते. बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. हळदीनं पिवळे पडलेले, भेगाळलेले हात आक्कानं पदराखाली घेतले. पंधरा दिवस घराबाहेर पाय टाकणार नाही असं तिनं शपथेवर सांगितलं, मलाही सांगायला लावलं, तेव्हा बाई कशाबशा तयार झाल्या, तेही बेतानंच करीन म्हणून. तोंडाला बधिर करायचं मलम लावून तासभर बसवलं तर तेवढ्यात आक्का तीनदा उठली. मग डोळ्यांवर झाकणं, टकटक आवाज आणि केस जळल्याचा वास. तिनं माझा हात असा आवळला होता की माझी बांगडी वाढली. आणि तशातही डॉक्टरांना विचारते, अजून जरा दाबून मारता का.

येताना तोंडाला ओढणी गुंडाळून आलो. कोणी विचारलं तर बिबा उतला असं सांगायचं ठरलं होतं. बिब्यानं तोंड सुजतं हे गावात सगळ्यांना माहीत. पण आमचं खोटं तोंडातच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई, गंगूताई, चहा घेऊन आत गेल्या आणि ओढणी बाजूला झाली होती. तोंड सुजून लालभडक, आणि त्यावर सगळीकडे बारीक बारीक ठिपके. सासूबाईंनी कप खाली ठेवला, पदर पुढं घेतला आणि हात जोडले. चैत्राचा महिना, अंगात कणकण, तोंडभर फोड. त्यांच्या हिशेबात दुसरं काही असूच शकत नव्हतं. सुनेला देवी आल्या होत्या. शाळेच्या पुस्तकात देवीचा रोग कधीच संपला, असल्या फोडांना आम्ही कांजण्या म्हणतो, पण सासूबाई माझ्या शाळेत शिकलेल्या नाहीत.

दुपारपर्यंत दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, तळण बंद, चपला बाहेर. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. आजारी माणसाच्या अंगात देवी असते, तिला दुखवायचं नाही. दादांना दाढी, कलप, तेल सगळं वर्ज्य. गल्लीतल्या बाया येऊन उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून आत न येता नमस्कार करून जायला लागल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं आम्हाला झालं. आता आक्काला उन्हात ये म्हणणारं कोणी नव्हतं. मी त्या दिवशी खुशीत होते, हे कबूल केलं पाहिजे.

खुशी दोन दिवस टिकली. सासूबाई कडुनिंब वाटून त्यात हळद घालून लेप घेऊन यायच्या, आणि मी दारात आडवी. देवीला हात लावलेला चालत नाही असं एक शास्त्र मी तिथल्या तिथं तयार केलं. आत आक्का पिंजऱ्यातल्यासारख्या येरझाऱ्या घालायची. भिंतीपलीकडे अंगणात हळद शिजत होती आणि तिला ती दिसत नव्हती. वासावरून ती मला सांगायची की जास्त शिजली, जाऊन काडी टोचून बघायला सांग. मी शाळेतून दमून यायचे आणि काडी टोचायला जायचे. दर थोड्या वेळानं ती फोनमध्ये तोंड बघायची. ठिपके तपकिरी झाले, खाज सुटली, कातडी कोंड्यासारखी गळायला लागली. खाजवायचं नाही म्हणून ती हाताच्या मुठी करून, त्यांवर बसून राहायची. तेवढीच काय ती बसायची.

आणि दादा. ते सकाळ-संध्याकाळ उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहायचे, हात जोडून, मान खाली. आत बघायचे नाहीत. देवीच्या तोंडाकडे कसं बघणार? ज्या माणसानं एकदा नीट बघावं म्हणून बाईनं तोंड भाजून घेतलं होतं, तो माणूस तिच्या पायाकडे बघून परत जायचा. तिसऱ्या दिवशी ते गेल्यावर आक्का भिंतीकडे तोंड करून रडली. खारट पाण्यानं गाल चुरचुरले, तशी अजून रडली. सांगून टाक, मी म्हटलं. ती म्हणाली, आता सांगितलं तर गाव हसंल, आणि ह्यांना कळंल की मी कशासाठी केलं. मला वाटतं, या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती.

मंगळवारी सकाळच्या शाळेतून मी साडेअकराला सुटले, तर देवीच्या देवळाच्या रस्त्यावर बायांची गर्दी. मधे सासूबाई रस्त्यावर पालथ्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, दोन्ही गुडघे गेलेले, संडासला जाताना भिंत धरते, ती दंडवत घालत देवळाकडे निघाली होती. फोड उतरेनात म्हणून नवस बोलली होती. उठायची, एक पाऊल टाकायची, पुन्हा आडवी व्हायची. बाया पुढं पाणी शिंपडत होत्या आणि डांबर ते लगेच पिऊन टाकत होतं. दादा मागं तांब्या घेऊन चालत होते. सगळ्यांनी नको म्हणून पाहिलं होतं, पण सासूबाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत. मी जवळ गेले तर त्यांचे ओठ निळे दिसले.

मी घराकडे पळत सुटले. आक्काला सांगितलं तेव्हा ती फोनमध्ये गाल बघत होती. मी एवढंच म्हटलं की आत्याबाई रस्त्यावर आहेत, तुझ्यासाठी. पुढचं मला बोलावं लागलं नाही. दारातली छत्री तिनं घेतली नाही, ओढणी घेतली नाही. कडुनिंबाचा डहाळा डोक्याला लागला तो बाजूला सारून ती भर उन्हात अनवाणी निघाली. मी मागून छत्री घेऊन धावत होते, पण त्या बाईला चालण्यात कोणी गाठलेलं नाही.

तिला बघून बाया दोन्ही बाजूंना सरल्या. काहींनी हात जोडले. आक्का सासूबाईंशेजारी रस्त्यावर बसली.

"आत्याबाई, उठा. मला देवी न्हाई आल्या."

सासूबाईंनी मान वर केली. कपाळाला माती लागली होती. "मंग हे काय?"

"नांदेडला जाऊन भाजून आणलं. मशीननं. तोंड तरणं दिसावं म्हणून."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सासूबाईंनी एकच शब्द विचारला, "काहून?"

आक्कानं तिथंच, सगळ्यांच्या देखत, साड्यांच्या दुकानाचं सांगितलं. राखाडी साड्यांपासून एसटी स्टँडपर्यंत सगळं. सांगताना ती दादांकडे बघत होती, आणि आता सगळी गल्ली दादांकडे बघायला लागली. आठवडाभराची पांढरी दाढी, कलप उतरलेले कानावरचे केस, चुरगळलेला शर्ट. दादा चांगले पासष्टीचे दिसत होते. त्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, आता म्हणतील आठवत नाही.

"आठवतंय मला," ते म्हणाले. "त्या पोरीनं मला तरण्या माणसात धरलं. बरं वाटलं. तुझा इचारच आला न्हाई."

आक्का म्हणाली, "मला बी तेवढंच पायजे होतं."

मी आक्कावर छत्री धरली, ती तिनं सासूबाईंवर सरकवली. दोघींनी मिळून आम्ही म्हातारीला उठवून सावलीला बसवलं, पाणी पाजलं. तिला राग आला असेल तर तो तिनं गिळला, की पाण्याबरोबर गेला, मला माहीत नाही. ती म्हणाली, ते सगळं तुमचं तुमी बघा, पण बोललेला नवस अर्ध्यात सोडता येत न्हाई. देवीला काय सांगू, सून खोटं बोलली? देऊळ अजून पुष्कळ लांब होतं. ती पुन्हा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

दादांनी तांब्या आक्काच्या हातात दिला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पालथे झाले.

त्या उन्हानं करायचं ते केलंच. आक्काच्या दोन्ही गालांवर काळे डाग उठले, डॉक्टरीणबाई मला फोनवर पुष्कळ बोलल्या, आणि डाग अजून पूर्ण गेलेले नाहीत. घरी जा, घरी जा म्हणून मी तेव्हा आक्काच्या मागं लागले होते. पण ती दादांच्या पुढं पाणी शिंपडत उलटी चालत राहिली, कारण दुसरं कोणी शिंपडलं तर त्यांचे हात भाजतील अशी तिची खात्री होती. रस्त्यातल्या वडाजवळ दादा उठले ते उभेच राहिले. धापा टाकत, मातीनं भरलेल्या दाढीनं, ते तिच्या तोंडाकडे बघत होते. इतका वेळ कोणी कोणाच्या तोंडाकडे बघतं तेव्हा बाकीच्यांना दुसरीकडे बघावं लागतं. मी मात्र बघितलं.

"लई भाजलं का गं?" ते म्हणाले.

"तवा न्हाई वाटलं येवढं. आता लागून राहिलं."

दादांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, सगळ्या बायांसमोर स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावरून तोंडावर ओढून दिला. मग पुन्हा रस्त्यावर आडवे झाले.