बुवांचा फुलबॅक

दुपारचं जेवण झालं, की श्रीधरपंत आंबीकर डाव्या कुशीवर कलंडतात. दोन गुडघ्यांमध्ये उशी लागते. उभी हयात हॉकीच्या मैदानावर फुलबॅक म्हणून काढली, अंगावर येणारे चेंडू अडवले, त्याची ही पेन्शन. आज मात्र डोळा लागता लागत नाही. राममंदिरातल्या उत्सवात उद्या कीर्तन आहे. कीर्तनकारांच्या मागे झांज घेऊन धृपद धरणारा गडी आजारी पडलाय, तेव्हा तुम्हीच उभे राहा, असं देवळाचे विश्वस्त सकाळी सांगून गेलेत. संध्याकाळी उत्तर न्यायला येणार आहेत.

गळा आहे, तालाचं अंग आहे. अडलंय ते दुसरंच. त्याच देवळात त्यांचे वडील अच्युतबुवा कीर्तन करीत. मुलानं आपल्या मागे उभं राहावं, एवढी एकच त्यांची आस. मुलगा मात्र स्टिक खांद्यावर टाकून कारखान्याच्या संघात गेला, आणि बुवांनी पुढे त्या खेळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तसेच गेले. आता त्या जागी कोणत्या हक्कानं उभं राहायचं?

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी शालनबाई भांडी पालथी घालताहेत. एक वाटी गरगरत राहते. गरगरता गरगरता ती झांजेसारखी वाजू लागते, आणि श्रीधरपंत सभामंडपात उभे आहेत.

पायात खिळ्यांचे बूट. देवळात हे कसे घालून आलो, म्हणून ओशाळून ते बंद सोडायला वाकतात, तर बोटांना गवत लागतं. गाभाऱ्याच्या जागी गोलचे खांब आहेत, जाळीत समई तेवतेय, आणि गोलरेषेवर अच्युतबुवा उपरणं सावरत उभे आहेत.

"असू देत," बुवा म्हणतात. "तुझ्या कामाची वहाण आहे ती."

श्रीधरपंतांना नवल वाटत नाही. ते फक्त सरकून वडिलांच्या पुढ्यात उभे राहतात; समोरून पेनल्टी कॉर्नरचा फटका यायचाय, आणि बुवांच्या पायांवर धोतराशिवाय काही नाही.

बुवा पाठीमागून चौकशी करतात. नोकरी सुखाची होती ना, परगावी जेवणाचे हाल नाही ना झाले. मग विचारतात, गोल किती केलेस.

"एकही नाही, नाना."

"एवढ्या वर्षांत?"

"माझं काम गोल होऊ न देण्याचं."

"मग पेपरात नाव येत नसेल."

"चुकलो की यायचं."

बुवा हसतात. कीर्तनात एखादा टोला नेमका बसला, की हसत तसं, पोट धरून.

"मी आलो होतो एकदा," ते म्हणतात.

आणि सांगू लागतात. परगावचं कीर्तन आटोपून, घरी कुणाला न कळवता, थेट मैदानावर गेले. मुलगा जवळून दिसावा म्हणून त्याच्याच गोलच्या मागे बसले. मध्यंतर झालं. नंतर पाहतात तो मुलगा एकदम जाडा झालेला, सदऱ्याचा रंगही निराळा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्याच्यावर ढकललं आणि शेवटपर्यंत त्या जाड्याला आशीर्वाद देत राहिले.

"नाना, मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तो समोरच्या संघाचा."

"आमच्यात बुवा जागा बदलत नाही रे. मला काय ठाऊक? जिंकला का तो?"

"जिंकले ते."

"मग लागले म्हणायचे आशीर्वाद."

दोघं आता एसटीत शेजारी बसलेत. खिडकीबाहेर मैदान मागे पळतंय. श्रीधरपंत वडिलांकडे वळून विचारतात. आला होतात, तर घरी येऊन एका शब्दानं बोलला का नाहीत?



"पूर्वार्धात पाहिलं ना तुला. सगळे पुढं धावले, तू एकटा मागं उभा. असा साथीदार मला जन्मात लाभला नाही. पण हे तुला सांगायचं, तर आधी माझा राग गिळायला हवा होता. कीर्तनात चारचौघांना राग गिळा म्हणून सांगणं सोपं असतं, बाळ."

"उद्या उभा राहू?"

एसटी थांबते ती सभामंडपातच. कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, संपलाय. लोक हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन बुवांकडे येताहेत. मध्यंतरात पहिला बुक्का कीर्तनकाराला लावायचा, अशी सगळीकडची रीत. अच्युतबुवांची रीत उलटी होती: ते श्रोत्यांकडे पाठ करून आधी मागच्या साथीदारांना लावायचे, मग स्वतःला लावून घ्यायचे. आजही ते हातानं लोकांना थोपवतात. वाटीत बोट बुडवतात. वळतात.

कपाळाला लागलेलं बोट गार आहे.

"अहो, उठा. विश्वस्त आलेत, ओसरीवर बसलेत." शालनबाई खिडकी उघडतात. उन्हं कललीत. चहाचा कप ठेवता ठेवता त्या थबकतात. "देवळात कधी जाऊन आलात?"

श्रीधरपंत कपाळाला हात लावतात. पेरावर काळं उमटतं, आणि खोलीभर बुक्क्याचा वास.

"त्यांना सांग, उभा राहतो," ते म्हणतात.

"बरं. मोरीत पाणी काढलंय, आधी तोंड धुऊन घ्या."

"आज राहू दे," श्रीधरपंत म्हणतात, आणि गुडघ्यावर हात रेटून उठतात.