चावलेला हरभरा

लोणावळ्यात राजमहंमदइतका स्वच्छतेचा सोस एखाद्या डॉक्टरालाही नसेल. परसात त्यानं पोपटांच्या चौदा जोड्या पाळल्या होत्या, आणि हवा खायला येणारे बंगलेवाले त्याच्याकडूनच पिल्लं न्यायचे. १९२७ साली रोगानं अकरा पिल्लं गेली. तेव्हापासून त्याचे नियम सुरू झाले. नवा पोपट चाळीस दिवस वेगळा, परसात वहाणा बंद, पिंजऱ्यांना चुना. भुशी गावचा गेणू, त्याचा बालमित्र, पिल्लांसाठी हरभरा आणायचा. त्यालाही यानं फाटकाबाहेर उभं केलं. "तुज्या घरी कोंबड्या हायेत. रोग तूच आनतोस," असं चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून गेणू पोतं फाटकाशी ठेवून जाऊ लागला.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की राजमहंमद ते घरट्यातून काढून हातावर वाढवायचा, म्हणजे ते माणसाळतं. भिजवलेला हरभरा स्वतः चावायचा, पिल्लाची चोच ओठांत घ्यायचा आणि घास भरवायचा. एकामागून एक, सगळ्यांना. त्याचा बापही तसंच करायचा. माणसाच्या थुंकीची ओळख पटल्याशिवाय पोपट बोलत नाही, असं बापानं सांगितलं होतं आणि यानं ते कधी तपासलं नव्हतं.

१९२८ साली पिल्लं वाढवायच्या ऐन दिवसांत रमजान लागला. रोज्यात तोंडात हरभरा कसा घालणार? काम बायकोवर, जैतुनबीवर आलं. तिला उष्ट्याची किळस. ती हरभरा पाट्यावर वाटायची, बांबूच्या काडीनं भरवायची आणि दर पिल्लागणिक काडी कढत पाण्यात बुडवायची. राजमहंमद तिची थट्टा करायचा. महिनाभरात एकही पिल्लू दगावलं नाही. आपले नियम फळले म्हणून स्वारी खूश होती.

त्या साली पाडवा आणि ईद लागोपाठच आली. ईदची नमाज पढून राजमहंमद थेट परसात शिरला आणि नऊ पिल्लांना हौसेनं तोंडानं भरवू लागला.

आठव्या दिवशी तीन पिल्लं मेली. नवव्या दिवशी आणखी दोन. राजमहंमद पाणी बघ, चुना बघ, असा वेड्यासारखा फिरत होता. "गेण्यानंच पोत्यातनं आनला रोग," तो म्हणाला.

"त्येचं पोतं रमजानात बी येत हुतं," जैतुनबी म्हणाली. तिनं मेलेल्या पिल्लाची चोच उघडून दाखवली. घशात दह्यासारखा पांढरा थर होता. "रोज्यात एक बी मेलं न्हाई. ईदेपासनं काय बदाललं, त्ये बगा."

राजमहंमद बघतच राहिला. आजारी पिल्लाच्या तोंडातलं आपल्या तोंडात, आपल्या तोंडातलं पुढच्याच्या तोंडात. गेल्या सालची अकरा, आताची पाच. फाटकावर पहारा ठेवून आत रोग वाटत फिरणारा तो स्वतःच होता.

त्याची चाहूल लागताच उरलेल्या चार पिल्लांनी चोची उघडल्या आणि त्याच्या ओठांकडे माना ताणल्या. त्यानं तोंडावर उपरणं दाबलं आणि मागं सरत सरत फाटकाबाहेर आला.

गेणू पोतं ठेवून निघालाच होता.

"गेणू, आत जा," राजमहंमद म्हणाला. "जैतुनसंगं पिल्लांना भरवू लाग."

"आन तू?"

"मी न्हाई. तुज्यावर आळ घेतला, अन् रोग माज्या तोंडात हुता."

गेणूनं वहाणा फाटकाशी काढल्या आणि तो आत गेला. आत पिल्लं भुकेनं ओरडत होती. राजमहंमद तोंड झाकून बाहेरच उभा राहिला.