शंकरच्या ॲडमिशनचा सौदा

"मग मुंबईलाच जाऊ द्या त्याला," प्रिन्सिपॉल म्हणाले आणि घंटी वाजवून त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

मी खुर्चीतच बसून राहिलो. माझ्या धंद्यात असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

धंदा म्हणजे बारामतीच्या बाजारात गुळाची अडत. शेतकरी ढेपा आमच्या दुकानी उतरवतो, व्यापारी माल बघतो, आणि दोघांच्या मधला भाव अडत्या जमवतो. त्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. हात झाकून बोटं दाबायची, तोच भाव. बघणाऱ्याला काही कळत नसे. त्यामुळं दुसऱ्या व्यापाऱ्याला एवढंच सांगायचं, की पहिल्यानं जास्त दिलंय. तो तणतणतो, उठून चालायला लागतो आणि दारातून परत येतो. चौथीत शाळा सोडून हमाली केली आणि पुढं दुकान उभं केलं, ते या एका गोष्टीवर.

पणदऱ्याचे तात्या माझ्या दुकानाचे सगळ्यात मोठे शेतकरी. त्यांचा शंकर पुण्यात मामाकडं राहून इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास झाला. इंजिनिअरिंगसाठी त्यानं पुणं, मुंबई आणि बडोदं असे तिन्हीकडं अर्ज टाकले. तात्यांच्या मते मुंबई खर्चाची, बडोदं परमुलखात. पुणं जवळ, गुऱ्हाळ सुरू झालं की पोरगा येऊन उभा राहील. पुण्यानं जागा देऊ केली होती, पण मामाची बदली झालेली आणि होस्टेल भरलेलं.

"रामभाऊ, तुमी बोला सायबाशी," तात्या म्हणाले. "मला न्हाय जमायचं."

म्हणून आम्ही तिघं त्या खोलीत. प्रिन्सिपॉल माणूस सभ्य. खोली गावात बघा, पुढच्या वर्षी होस्टेलचं पाहू, म्हणाले. मी म्हणालो, मुंबईनं जागा दिलीय, वर होस्टेलही दिलंय, आता तुम्ही काय करता बोला. मुंबईचं तोवर काहीच आलं नव्हतं.

त्यांनी शंकरला विचारलं, "खरं का रे?"

शंकरनं खाली बघत मान हलवली. मग ते वाक्य आलं.

बाहेर व्हरांड्यात मुलांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. मी तसाच परत आत शिरायला गेलो, तर शिपायानं अडवलं. त्याच्याशी भांडलो, आवाज चढवला. तोवर जागा साताऱ्याकडच्या एका मुलाला गेलेली. तात्या जिन्यावर डोकं धरून बसले.

"बडोद्याला जागा बी हाय आन् खोली बी," शंकर म्हणाला. "त्यांचं वर्कशॉप लय मोठं हाय."

"ह्ये आदी का न्हाय बोललास?"

"आदी कुणी इचारलं न्हाय, तात्या."

पुढं मुंबईनं नकार कळवला आणि शंकर बडोद्याला गेला. त्या हंगामापासून तात्यांचा गूळ समोरच्या दुकानात उतरायला लागला. रामभाऊच्या जिभेनं पोरगं परमुलखात घालवलं, असं ते बाजारभर सांगत. माझ्यामुळं वर्षानुवर्षं त्यांना चढा भाव मिळाला, ते कुणी सांगत नाही.

शंकर इंजिनिअर होऊन वालचंदनगरला नोकरीला लागला. पेढे घेऊन दुकानी आला तेव्हा मी विचारलं, साहेबांपुढं मान का हलवलीस?

"काका, तुमी खोटं पडला असता," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

हे तात्यांना सांग, म्हणालो. सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून सौद्याला बसलो की बोलणाऱ्याकडं मी फारसा बघत नाही. गप्प कोण बसलंय, ते आधी बघतो.